बाळाचं पुस्तक कुठंय?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला दाराची बेल वाजली. दारात आमच्याच इमारतीतली चौथ्या मजल्यावरची मुलगी उभी होती. छातीशी दीड महिन्याचं बाळ, डोळे रडून लाल झालेले.

"वहिनी, बघा ना, याच्या दंडावर गळू झालंय. पू पण दिसतोय. हे ड्यूटीवर आहेत. मी एकटीच इमर्जन्सीला जाऊ का?"

बाळाला दिव्याखाली घेतलं. डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, मसुराच्या दाण्याएवढा फोड होता आणि मध्ये पांढरा ठिपका. बाळाला ताप नव्हता, दूध व्यवस्थित पीत होतं आणि आईपेक्षा कितीतरी शांत होतं.

"बाळाचं पुस्तक कुठंय?" मी विचारलं.

"कुठलं पुस्तक?"

"लसीचं. हॉस्पिटलमधून घरी येताना दिलेलं."

ते तिच्या बॅगेतच होतं, डिस्चार्जच्या कागदांमध्ये, न उघडलेलं. पहिल्याच ओळीत बीसीजी लिहिलेलं, शेजारी तारीख आणि सही. क्षयाची ही लस जन्मल्यावर लगेच देतात. ती दिल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी फोड येतो, कधी त्यात पू होतो, मग खपली धरते आणि शेवटी छोटासा व्रण राहतो. दाबायचं नाही, हळद-मलम काही लावायचं नाही, जागा कोरडी ठेवायची. काखेत मोठी गाठ आली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. दुसऱ्या दिवशी हेल्थ सेंटरच्या सिस्टरनेही तिला हेच सांगितलं.

ही मुलगी पुण्याची, इंजिनीअर. बाळासाठी गाडीतली सीट घ्यायची तर तिने आठ दिवस वाचन केलं होतं. "एवढं साधं मला माहीत नव्हतं," म्हणत ती हसली. मला मात्र हसता आलं नाही, कारण माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी मला याहूनही कमी माहिती होती, आणि त्याची किंमत माझ्या लेकीने मोजली.

एकच भरलेली ओळ

लेकीचा जन्म दोह्याचा. मी तोवर साताऱ्यात सात वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलेली, एमए झालेली, मुलांच्या वह्या तारीखवार तपासणारी बाई. दोन महिन्यांची झाल्यावर तिला हेल्थ सेंटरला नेलं. दोन्ही मांड्यांना सुया, तोंडात थेंब. ती रडली, मीही रडले, सिस्टरने पुस्तकात सही केली आणि आम्ही घरी आलो. काय टोचलं, असं कुणी विचारलं असतं तर मी "दोन महिन्यांचं इंजेक्शन" एवढंच सांगितलं असतं.

साडेतीन महिन्यांची असताना तिला घेऊन साताऱ्याला गेले. तीन आठवड्यांसाठी गेलेली मी घरातलं लग्न, मग उष्टावण, असं करत अडीच महिने राहिले. चार महिन्यांच्या लसीची तारीख आली तेव्हा तिला सर्दी होती म्हणून पुढे ढकललं. सर्दी बरी झाल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, दीड, अडीच, साडेतीन झालं की संपलं. आता थेट नवव्या महिन्यात गोवर." त्यांनी तीन मुलांचं एकही इंजेक्शन चुकवलेलं नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं.

त्यांचं चूक नव्हतंच. भारतातल्या सरकारी वेळापत्रकात त्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. म्हणजे दीड, अडीच, साडेतीन महिने. पण माझी लेक कतारच्या वेळापत्रकावर होती. इथे पहिला डोस दोन महिन्यांना, मग चार आणि सहाला. साताऱ्याच्या हिशेबाने तिचे तीन डोस झालेले असायला हवे होते. प्रत्यक्षात झाला होता एकच.

पाचवा महिना उलटला आणि तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, लंगोट सहा तास कोरडा. दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडेना. दोन रात्री काढल्या. तपासणीत रोटाव्हायरस निघाला.

डॉक्टरांनी विचारलं, "रोटाचे किती डोस झालेत? कार्ड दाखवा." पुस्तक दोह्यात, पासपोर्टच्या प्रतींच्या खणात. नवऱ्याने साइटवरून घरी जाऊन त्याचा फोटो पाठवला. फोनवर ते पान मोठं करून बघताना मला पहिल्यांदा दिसलं की जन्माच्या लसींखाली एकच ओळ भरलेली आहे आणि बाकी सगळी कोरी.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, लस पूर्ण झालेल्या मुलांनाही जुलाब होऊ शकतात, पण सलाईन लावण्यापर्यंत वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते. लेक बरी झाल्यावर राहिलेल्या लसी त्यांनीच सुरू केल्या. "पुन्हा पहिल्यापासून नाही द्यायच्या. जिथे थांबलंय तिथून पुढे," हे त्यांचं वाक्य मी आजवर अनेक मैत्रिणींना सांगितलंय. एखादा डोस हुकला म्हणून शरमेने हेल्थ सेंटर टाळणाऱ्या आया असतात. बहुतेक लसी उशिराही घेता येतात. रोटाच्या थेंबांना मात्र वयाची मर्यादा असते, म्हणून त्या बाबतीत दिरंगाई नको. आणि साधी सर्दी हे लस पुढे ढकलायचं कारण नव्हे, हेही मला तेव्हाच कळलं.

सासूबाई मात्र त्या दोन रात्री खुर्चीतून हलल्या नाहीत. "माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या लसीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत.

आजार त्यांना माहीत, तारखा आम्हाला

शिक्षिकेची सवय जात नाही. यंदाच्या कोजागिरीला आमच्या गटात पाच-सहा नव्या आया होत्या. मसाला दूध आटेपर्यंत मी त्यांना तीन प्रश्न विचारले. पुढच्या लसीची तारीख कोणती? त्या दिवशी कोणकोणत्या आजारांची लस आहे? आणि पुस्तक आत्ता कुठे आहे?

तारीख बहुतेकींना तोंडपाठ होती. फोनमध्ये गजर लावलेला, हेल्थ सेंटरची अपॉइंटमेंट घेतलेली. दुसऱ्या प्रश्नाला "सिक्स इन वन" असं उत्तर आलं. त्यातले सहा कोणते, ते एकीलाही पुरते सांगता आले नाहीत. पुस्तक कुणाच्या कपाटात, कुणाच्या गाडीत, एकीचं माहेरी नाशिकला राहिलेलं.

तिथेच फॅमिली व्हिसावर आलेल्या दोन आज्या बसल्या होत्या. त्यांना तारीख एकही सांगता आली नाही. पण डांग्या खोकल्याचं नाव काढताच एकीने त्याचा आवाज काढून दाखवला. खोकून खोकून श्वास संपतो आणि मग आत ओढताना लांडोरीसारखी शीळ येते. दुसरीने गोवर आलेल्या घराचं वर्णन केलं, दाराला बांधलेला कडुलिंब, फोडणी बंद, अंधारलेली खोली. तिच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण होते. देवीचा आजार भारतातून १९७५ साली गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातूनच गेल्याचं जाहीर केलं. आमच्या पिढीच्या दंडावर तो वण नाही, आमच्या मुलांना तर तो शब्दही माहीत नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना फोन केला. त्या लसीच्या बाबतीत इतक्या काटेकोर का होत्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. घशात राखाडी पडदा धरला होता, गावातून साताऱ्याला बैलगाडीने नेईपर्यंत श्वास कोंडला. "म्हणून मी त्रिगुणीचं इंजेक्शन कधी चुकवलं नाही," त्या म्हणाल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांना असा भाऊ होता हे मला पहिल्यांदा कळलं.

त्या सहा आजारांतला एक हाच घटसर्प. बाकीचे पाच म्हणजे डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, कावीळ ब, आणि मेंदूज्वर व न्यूमोनियाला कारण होणारा हिब. सासूबाईंच्या वेळची त्रिगुणी लस यातल्या पहिल्या तिघांवरची. इंग्रजी आद्याक्षरांमागे हे चेहरे आहेत, हे एकदा कळलं की आईला वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

बसऱ्याहून मुंबईला

या विषयावर वाचताना एक गोष्ट सापडली, ती आपल्या अंकाच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. भारतात पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. ती देवीची लस होती, आणि ती आली होती आपण राहतो त्या आखातातून.

तेव्हा फ्रीज नव्हते. लस टिकवायचा एकच खात्रीचा मार्ग होता. एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, आठवड्याने त्याच्या फोडातला तिसऱ्याला. ती युरोपातून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद करत बसऱ्याला पोहोचली आणि तिथून जहाजाने मुंबईला. बसऱ्याहून मुंबईला जाणारं जहाज आपल्या या आखातातूनच पुढे जाणार. ॲनाच्या दंडावरची लस पुढे पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत गेली.

आज ही वाहतूक उलट्या दिशेने चालते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या, १९६६ साली सुरू झालेल्या कारखान्यातल्या लसी जगभरातल्या देशांत जातात. १८९७ साली परळच्या नव्हे, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्या नावाने पुढे ओळखली जाऊ लागली. लस आपल्याला परकी नाही. १९९५ च्या डिसेंबरात पहिला पल्स पोलिओ झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमच्याच वर्गात बाकं जोडून केंद्र मांडलं होतं आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन आई रांगेत उभी होती. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामागे अशा असंख्य रांगा आहेत.

दोन देश, दोन घड्याळं

आपल्यासारख्यांची खरी अडचण ही की आपलं बाळ दोन घड्याळांवर चालतं. ती दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगळी आहेत.

भारतात हे आजार बाळाला लवकर गाठू शकतात, म्हणून तिथे दीड महिन्यापासून सुरू करून महिन्या-महिन्याने डोस पूर्ण करतात. इथे दोन महिन्यांपासून दोन-दोन महिन्यांच्या अंतराने देतात. तिकडे सरकारी केंद्रात पाच आजारांची एकत्र लस आणि पोलिओची वेगळी, इथे पोलिओसकट सहा आजारांची एकत्र.

सर्वांत जास्त घोळ होतो गोवराचा. भारतात नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस देतात, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. इथे गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस वर्ष पूर्ण झाल्यावर. असं का? बाळाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही महिने असते आणि ती लसीच्या कामात आड येते. नऊ महिन्यांना लस दिली तर शंभरातल्या साधारण ८५ बाळांना संरक्षण मिळतं, वर्षाने दिली तर ९५ च्या आसपास. पण जिथे गोवर फिरत असतो तिथे वर्षभर थांबणं परवडत नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मुलं दगावली. तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला गेला.

म्हणून नऊ महिन्यांचा डोस गावी घेऊन आलेल्या बाळाला इथली सिस्टर वर्षानंतर पुन्हा टोचायला सांगते, तेव्हा "झालाय आमचा" म्हणून भांडू नये. वर्षाच्या आतला डोस अनेक देशांत पुढच्या दोन डोसांत धरत नाहीत. आणि वर्षाच्या आतलं बाळ घेऊन सुट्टीला निघणाऱ्यांनी तिकीट काढतानाच डॉक्टरांना गोवराबद्दल विचारावं. भारतात खासगी डॉक्टर टायफॉइडची लस सुचवतात. माझ्या मुलीच्या इथल्या पुस्तकात तिची ओळच नव्हती. तीही जाण्याआधी विचारून ठेवावी.

रात्री अकराचे प्रश्न

"ताप आला, म्हणजे लस बाधली का?" नाही. थोडा ताप, सुईच्या जागी सूज, किरकिर हे एक-दोन दिवस चालतं. पॅरासिटामॉल द्यायचं ते बाळाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापानेच. मांडी चोळायची नाही, गरम शेक नाही. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. तीन-तीन तास न थांबणारं रडणं, फार चढलेला ताप, आकडी, बाळ मलूल पडणं, असं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

"एका दिवशी इतक्या लसी?" बाळ दिवसभर जे चाटतं, चोखतं त्यातून त्याच्या शरीराला कितीतरी जास्त जंतूंशी झुंजावं लागतं.

"गोवराच्या लसीने ऑटिझम होतो म्हणतात." हा प्रश्न हळू आवाजात येतो. ही भीती ज्या लेखातून पसरली तो १९९८ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या बारा मुलांवरून लिहिला होता. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि लेखक डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, त्यात काही संबंध आढळला नाही. असं विचारणाऱ्या आईला मी वेडं ठरवत नाही. बाळाच्या काळजीनेच ती विचारते.

पुस्तक सांभाळायचं कसं

इथल्या प्रायमरी हेल्थ केअर कॉर्पोरेशनच्या हेल्थ सेंटरमध्ये वेळापत्रकातल्या लसी मुलांना मोफत मिळतात. बाळाचं हेल्थ कार्ड लवकर करून घ्यावं. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो आई, बाबा आणि गावाकडचं एक माणूस, अशा तिघांच्या फोनमध्ये असावा. मूळ पुस्तक पासपोर्टबरोबर, हातातल्या बॅगेत.

भारतात लस घेतली तर "बूस्टर दिला" एवढ्यावर समाधान मानू नये. लसीचं पूर्ण नाव, तारीख, बॅच नंबर, शिक्का आणि पासपोर्टप्रमाणे बाळाचं नाव लिहून घ्यावं. सरकारी केंद्रात आता यू-विनवर नोंद होते, त्याचं प्रमाणपत्र मागावं. इथे शाळेत प्रवेश घेताना लसीकरणाची नोंद मागतात, तेव्हा हे सगळं उपयोगी पडतं. आणि बाबा मंडळी, "ते सगळं हिलाच माहीत" हे पुरे झालं. माझ्या बाबतीत खण उघडून फोटो पाठवणारा बाबाच होता.

दुसऱ्या वेळी मुलगा झाला. बारशाचे फोटो पाठवताना मी सासूबाईंना इथल्या वेळापत्रकाचाही फोटो पाठवला, मराठीत लिहून, प्रत्येक लसीपुढे आजाराचं नाव घालून. नणंदेने त्याची प्रिंट काढून दिली. सासूबाईंनी ती स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी टांगली आणि कालनिर्णयच्या चौकोनांत दोन, चार, सहा महिन्यांच्या तारखा पेनने लिहिल्या.

चौथा महिना भरला त्या दिवशी सकाळी सातला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. साताऱ्यात साडेनऊ वाजले होते, त्यांची पूजा आटोपली होती.

"आज घटसर्पाचा दुसरा," त्या म्हणाल्या. "पुस्तक काढ बघू. मागची ओळ भरलीय ना, ते आधी मला दाखव."